पाण्याचं बिल दरवर्षी का फुगतं?

प्रश्न : मुंबईत आमची ४० सदनिकांची सोसायटी आहे. वापर तोच, तरी पाणीबिल चढतंच. मलनिःसारणाची रक्कम वेगळी का वाढते?

उत्तर : ती वेगळी वाढतच नाही. महापालिका मलनिःसारण आकार पाणीपट्टीच्या ७० टक्के लावते. पाणी महागलं की तोही आपोआप चढतो. २०१२ च्या धोरणानुसार वीज, आस्थापना, जलशुद्धीकरण यांचा खर्च वाढेल तशी दरवर्षी कमाल ८ टक्के वाढ करता येते. २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढीने इमारतींचा दर हजार लिटरला ५.९४ वरून ६.३६ रुपये झाला. ऐकायला किरकोळ, पण दरवर्षी ८ टक्के धरले तर नऊ वर्षांत बिल दुप्पट.

खरी गोम मात्र टप्प्यांत आहे. माणशी रोज १५० लिटरपर्यंत साधा दर, २०० पर्यंत दुप्पट, २५० पर्यंत तिप्पट, पुढे चौपट. घरटी पाच माणसं धरून २०० जण, माणशी १५० लिटरने महिना ९०० हजार लिटर, ६.३६ च्या दराने ५,७२४ रुपये. आता तळटाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी झडप) बिघडून रोज १४,४०० लिटर वाहिलं (मिनिटाला जेमतेम दहा लिटर!), तर माणशी वापर २२२ वर जातो आणि पाणीपट्टी १२,०५८ वर. वर ७० टक्के आहेतच.

पुरवठ्याच्या वेळेत तळटाकी काठोकाठ भरू द्या, पंप बंद ठेवा आणि मीटर बघा. काटा फिरत राहिला तर बॉलकॉकचा वॉशर गेलाय किंवा मीटरपुढची जमिनीखालची लाइन गळतेय. दरवाढीची तक्रार त्यानंतर.