जंतू सापडला असता तर बरं झालं असतं

"सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय ते काय? लाइम तर नसेल?" गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम या आजाराबद्दलचा हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्यातल्या एका बाईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत त्यांनी जाडजूड फाइल टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, यात काहीच सापडलेलं नाही. आणि मला चार वर्षं रोज दुखतंय." मान, खांदे, कंबर, कधी हाताची बोटं. झोपून उठलं तरी थकवा जात नव्हता. मी तेव्हा एक चूक केली. "दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकू या," असं फार लवकर म्हणून बसले. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही ते मनाचंच वाटतं." ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात होतं.

लाइमचा संशय उगाच आलेला नव्हता. दुखणं सुरू होण्याआधी त्या काही महिने अमेरिकेच्या ईशान्य भागात राहिल्या होत्या, जंगलवाटांवर फिरल्या होत्या. या आजाराला नाव मिळालं ते तिथल्याच कनेटिकट राज्यातल्या लाइम गावावरून. १९७०च्या दशकात त्या परिसरातल्या मुलांचे सांधे एकाएकी सुजू लागले, त्यातून शोध सुरू झाला. बोरेलिया हा जंतू गोचिडीच्या चाव्यातून शरीरात जातो. गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, चावलेलं अनेकांना कळतही नाही. म्हणूनच "मला गोचीड चावल्याचं आठवत नाही" एवढ्यावरून लाइम नाकारता येत नाही. बाईंनी हा मुद्दा घट्ट धरला होता, आणि तो बरोबरच होता.

त्यांनी परस्पर एका लॅबमधून तपासणी करून घेतली. जंतूविरुद्ध शरीर जे प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार करतं, त्यातलं आधी येणारं आयजीएम पॉझिटिव्ह, मागून येणारं आयजीजी निगेटिव्ह. रिपोर्ट घेऊन आल्या तेव्हा चेहऱ्यावर चक्क आनंद होता. ओढूनताणून आणलेला नव्हे, सुटका झाल्याचा. "जंतू असेल तर तो मारता येतो ना!" आजार निघाला म्हणून माणूस खूश होतो, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. पण चार वर्षं "काही नाही हो" ऐकलेल्या माणसाला "काहीतरी" मिळालेलं असतं.

मी डॉक्टर नाही, रिपोर्टचा अर्थ लावणं माझं काम नाही. संधिवाततज्ज्ञांना काय सांगायचं, काय विचारायचं, हे आम्ही मिळून एका कागदावर लिहिलं. दुखणं कधी सुरू झालं, कुठे राहिलात, अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा आला होता का, गुडघा सुजला होता का, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली होती का. लिहिता लिहिता त्यांच्याच लक्षात आलं, की लाइमच्या खुणांबद्दलच्या शेवटच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" होतं.

डॉक्टरांनी पाऊण तास दिला. आयजीएम एकटं पॉझिटिव्ह असेल, तर त्याला अर्थ असतो तो लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या महिनाभरापुरता. चार वर्षांच्या जुन्या लाइममध्ये आयजीजी पॉझिटिव्ह यायला हवं होतं, म्हणजे हा निकाल बहुधा चुकीचा पॉझिटिव्ह. सांधे हाताने तपासून, झोपेची चौकशी करून त्यांनी फायब्रोमायाल्जिया सांगितला. मेंदू आणि मज्जारज्जूतली वेदनेची यंत्रणाच आवाज वाढवून बसलेली असते. दुखणं खरं, पण रक्तात सापडेल असं काही नाही.

पुढच्या भेटीत त्या रडल्या. "हातात आलेलं नावही काढून घेतलं." कोणीतरी त्यांना महिनोन्‌महिने शिरेतून अँटिबायोटिक घ्यायला सुचवलं होतं, ते करावं का, असंही विचारत होत्या. इथे मी गप्प राहिले नाही. लाइमनंतरच्या रेंगाळणाऱ्या त्रासावर २००१ मध्ये अमेरिकेत आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये अभ्यास झाले. दोन्हीकडे दीर्घकाळ अँटिबायोटिक घेणाऱ्यांना खोटं, म्हणजे औषधी गुण नसलेलं औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. उलट शिरेतल्या नळीतून होणारा जंतुसंसर्ग जिवावरही बेतू शकतो. हे सगळं डॉक्टरांकडून पुन्हा समजून घ्या, असं सांगून मी त्यांना परत तिकडेच पाठवलं.

त्यानंतरचे दोन महिने आमचं काम खरं म्हणजे दुखवट्याचं होतं. न मिळालेल्या जंतूचा दुखवटा! या भागाला घाई करून चालत नाही, हे मी पहिल्या भेटीतल्या चुकीतून शिकले होते. झोपेच्या वेळा, रोज पाच मिनिटांपासून वाढवत नेलेलं चालणं, "आज बरं वाटतंय" म्हणून एकाच दिवशी घरभर आवरायला न घेणं, हे सगळं नंतर आलं. नवऱ्याला एकदा सोबत बोलावलं. "नॉर्मल आहे ना सगळं?" हा त्यांचा दिलासा बायकोला टोमण्यासारखा लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुखणं गेलेलं नाही. त्या आता पंचवीस मिनिटं चालतात, आणि वाईट दिवस आला की पूर्वीसारख्या नवी लॅब शोधत बसत नाहीत. गेल्या आठवड्यात मात्र जाता जाता दारात थांबल्या. "मॅडम, डॉक्टरांचंच चुकलं असेल तर?"

"गुडघा सुजला किंवा काही नवीन दिसलं, तर तोच कागद घेऊन पुन्हा विचारू," मी म्हटलं. कागद अजून फाइलमध्ये पहिल्याच पानावर आहे, त्यांनी उघडून दाखवला.