वाड्यात सापडलेली गोटीची सोडावॉटर बाटली जुनी आहे का, कशी ओळखायची?

आधी बाटली उन्हात आडवी धरून काचेवरची उठावाची अक्षरं बोटाने चाचपा. गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात आणली. सोड्यातल्या गॅसच्या दाबाने गोटी आतून तोंडातल्या रबरी रिंगवर घट्ट बसते. मानेतले दोन खळगे ओतताना गोटीला अडवतात.

नुसती गोटी दिसली म्हणून बाटली शंभर वर्षांची ठरत नाही, कारण असा सोडा आजही मिळतो. खरी किंमत उठावाच्या अक्षरांना. स्थानिक सोडावाले साच्यातच आपलं नाव-गाव कोरून घेत. माझ्याकडच्या एका बाटलीवर 'नासिक' एवढंच वाचता येतं, पुढची अक्षरं वापरून वापरून गुळगुळीत झालीत. ती मला सगळ्यात प्रिय आहे. बूडही बघा: तिथे बार्न्सलीसारखं इंग्लंडातलं गाव असेल तर बाटली विलायतेतून आलेली. काचेतले बुडबुडे, हिरवट-निळी झाक, क्रेटमध्ये घासून पांढरं पडलेलं बूड या जमेच्या बाजू. पण एकट्या खुणेवर भिस्त ठेवू नका.

गोळा करायच्या असतील तर बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात सकाळी लवकर जा, जुने वाडे पाडताना निघालेलं सामान घेणाऱ्या भंगारवाल्यांना सांगून ठेवा. ॲसिडने धुऊ नका, कोमट पाणी आणि साबण पुरे. आणि गोटीसाठी पोरांच्या हाती देऊ नका. कितीतरी बाटल्या त्यापायीच फुटल्या.