गोठ्यापाशीची चूल

लाडक्या लेकरा,

रविवारी अंगणात रिब्स भाजताना तू विचारलंस, "पप्पा, गावाकडं आजोबा मटण गोठ्यापाशीच का शिजवायचे? आजीला किळस यायची का?" धुरानं डोळे चुरचुरत होते, नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहितोय.

किळस नव्हती गं. आजीनं पंढरपुरात तुळशीची माळ घातली, आणि माळकरी माणूस मटण खात नाही. आजोबा मात्र खाणारे, आम्ही पोरंही खाणारी. मग लातूरकडच्या कितीतरी घरांसारख्या आमच्याकडंही दोन चुली झाल्या. मटणाचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भगुनं आणि पळी वेगळी, गोठ्यात खुंटीला टांगलेली. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि अख्खा श्रावण ते भगुनं खाली यायचं नाही. आपण शनिवारची सुट्टी सोडून रविवारी रिब्स लावतो, ते त्याच सवयीनं.

पण मटणाचा काळा मसाला करायची आजीच! खोबऱ्याची वाटी थेट निखाऱ्यावर ठेवायची. तेल सुटून वाटी पेट घ्यायची, मग फुंकर मारून विझवायची आणि उलटी करायची. दगडफूल, धने, तीळ वेगवेगळे भाजायचे आणि सगळं उखळात कुटायचं. जे कालवण तिच्या तोंडात कधी जाणार नव्हतं, त्यासाठी ती दुपारभर ठसकत बसायची. संध्याकाळी ओसरीवरून आजोबांना हाक, "मीठ टाकलं का हो?"

आजोबा तुराट्यांवर जाळ धरायचे. तुराटी भुरकन जळते, म्हणून पुढं बाभळीचं लाकूड, त्याचा निखारा टिकतो. भगुनं चढायच्या आधी काळजाचे तुकडे मीठ लावून निखाऱ्यावर टाकायचे, ते आम्हा पोरांचे. बोटं भाजायची, तरी हात मागं घ्यायचो नाही. बार्बेक्यू हा शब्द माझ्या कानावर फार उशिरा आला, चव आधीपासून जिभेवर होती.

"रिब्सना पाच तास कशाला लागतात?" हेही तू विचारलंस. मांस 63 अंशांना खाण्याजोगं होतं, पण बरगडीजवळ कोलॅजन नावाचा चिवट भाग असतो. आच सावकाश लागली की तो विरघळून मऊ होतो, आणि त्यासाठी मांस आतून 90 अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून 110 अंशांवर झाकण लावून ठेवायचं, सारखं उघडून बघायचं नाही. हाडामागचा पातळ पापुद्रा मात्र आधी कागदानं धरून ओढून काढायचा. तो राहिला तर मसाला आत शिरत नाही. आजोबाही जून बोकड असलं की जाळ ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "घाई करू नका रे."

काल रात्री आजीचा फोन आला होता. तू झोपली होतीस. कशावर काय भाजलं ते सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "मसाला पुरला का? की आणखी पाठवू?"

तुझा,
पप्पा