छापील मापाचा हिशेब : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : कॅमेऱ्यातल्या फोटोच्या माहितीत रिझोल्यूशन ७२ दिसते. छपाईसाठी ३०० मागितले होते, म्हणून फोटोशॉपमध्ये ७२ चे ३०० केले. फाइल अवाढव्य झाली आणि फोटोही धूसर दिसतो. काय चुकले?

‘रिसॅम्पल’ची, म्हणजे पिक्सेलची संख्याच बदलण्याची, टिक तशीच राहिली. तुमचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा आहे असे धरू. इंचाला ७२ पिक्सेल या हिशेबाने तो साधारण ५५.६ × ४१.७ इंचांचा भरतो. टिक असताना ३०० लिहिले की प्रोग्राम इंच तेच ठेवतो आणि पिक्सेल १६,६६७ × १२,५०० करतो. म्हणजे सतरापट पिक्सेल, आणि त्यातले बहुतेक शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले. धूसरपणा तिथून येतो.

टिक काढा आणि मग ३०० लिहा. आता पिक्सेल जागचे हलत नाहीत, माप मात्र १३.३३ × १० इंच होते. फोटोशॉपऐवजी गिम्प हा प्रोग्राम वापरत असाल तर ‘इमेज’ मेनूतले ‘प्रिंट साइझ’ नेमके हेच काम करते. ‘स्केल इमेज’ मात्र पिक्सेल बदलते, त्यामुळे तिकडे जाऊ नका. ७२ हा आकडा फाइलवर चिकटवलेली नुसती चिठ्ठी आहे. फोटोत इंच नसतातच, असतात ते पिक्सेल. पिक्सेल भागिले इंच केले की खरे रिझोल्यूशन मिळते. हातात धरून पाहायच्या प्रिंटला २४० आले तरी निश्चिंत छापा. २०० च्या खाली गेल्यावर केस, पापण्या आणि बारीक अक्षरे यांत फरक दिसू लागतो.

प्रश्न : ४ × ६ इंची कागदावर ३५ × ४५ मिमीचे आठ फोटो बसवले. स्क्रीनवर माप बरोबर होते, पण लॅबमधून आलेल्या प्रिंटवर प्रत्येक फोटो ३६ मिमी रुंद भरला. असे का?

तुमची मांडणी चुकलेली नाही. बिनकिनारीची प्रिंट काढताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून मशीन चित्र किंचित मोठे करून कागदाबाहेर सांडू देते. ३५ चे ३६ म्हणजे जवळजवळ ३ टक्के वाढ. घरच्या इंकजेटवर ‘बॉर्डरलेस’ निवडले तरी हेच होते. तिथे वाढीचे प्रमाण कमी करण्याची सोय बहुतेक ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असते.

मांडणीचा हिशेब एकदा सविस्तर पाहू, कारण मशीनने मोठे केले तरी फोटो कापले जातील की वाचतील हे त्यावर ठरते. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. ३०० पीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) ३५ मिमीचे ४१३ आणि ४५ मिमीचे ५३१ पिक्सेल होतात. आडवा कागद १५२.४ × १०१.६ मिमी, म्हणजे १८०० × १२०० पिक्सेलचा कॅनव्हास. एका ओळीत चार फोटो आणि मध्ये २ मिमीच्या तीन फटी मिळून १४६ मिमी. दोन ओळी आणि एक फट मिळून ९२ मिमी. डाव्या-उजव्या बाजूला ३.२ मिमी उरतात. ३ टक्के वाढीत प्रत्येक बाजूचे सव्वादोन मिमी कागदाबाहेर जातात, म्हणून तुमचे कडेचे फोटो वाचले. फटी ४ मिमीच्या ठेवल्या असत्या तर बाजूला अगदी थोडे उरून कडेचे फोटो कापले गेले असते.

उपाय दोन. पहिला आणि चांगला उपाय म्हणजे लॅबला ‘मोठे न करता, पांढऱ्या किनारीसह, १०० टक्के मापात’ असे स्पष्ट सांगणे. ते शक्य नसेल तर कॅनव्हास १८०० × १२०० च ठेवून प्रत्येक फोटो ४०२ × ५१७ पिक्सेलचा करा. मशीनच्या वाढीनंतर तो ३५ × ४५ वर येईल. मात्र हा आकडा त्याच मशीनला, त्याच सेटिंगला लागू आहे. उंचीचे मापही घ्या, कारण दोन्ही दिशांची वाढ सारखीच असेल असे नाही.

आणखी एक. एका कॅनव्हासमधून दुसऱ्यात फोटो पेस्ट करताना पिक्सेलला पिक्सेल जातो, इंच बरोबर येत नाहीत. म्हणून आधी क्रॉप टूलमध्ये रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन असे तिन्ही आकडे भरून फोटो कापा, मगच पेस्ट करा.

प्रश्न : भिंतीला भोके पाडण्यासाठी ए-४ मापाचा नमुना पीडीएफमधून छापला. १०० मिमीची रेघ ९६ मिमी आली. फाइल सदोष आहे का?

फाइल ठीक असणार. छपाईच्या खिडकीत ‘फिट’ निवडलेले असेल. बऱ्याच प्रिंटरना कागदाच्या कडेचे सुमारे ४ मिमी छापता येत नाहीत. २१० मिमीचे पान उरलेल्या २०२ मिमीत बसवले की ते ९६ टक्के होते. ‘ॲक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडा. मूळ पान लेटर मापाचे, म्हणजे २१६ मिमी रुंद असेल, तर ए-४ वर छापताना कडा कापल्या जातील. तरी माप बरोबर येईल, आणि इथे तेच महत्त्वाचे आहे.

यापुढे अशा नमुन्यावर एक आडवी आणि एक उभी, १५० मिमीची रेघ काढून ठेवा. आखूड रेघेत अर्ध्या मिलिमीटरची चूक नजरेतून निसटते. आडवी रेघ बरोबर आणि उभी कमी-जास्त आली, तर कागद ओढणाऱ्या रोलरचा दोष समजा. तेव्हा १५० ला मोजलेल्या मापाने भागा आणि येईल तेवढ्या पटीने फक्त उंची वाढवा किंवा कमी करा.

प्रश्न : ६ × ९ सेंमीचा जुना कृष्णधवल फोटो स्कॅन करून ८ × १२ इंचाच्या फ्रेममध्ये लावायचा आहे. स्कॅनरवर किती ठेवावे?

८ इंच म्हणजे २०.३ सेंमी, म्हणजे वाढ सुमारे ३.४ पट. ३०० ला ३.४ ने गुणले की १०२० येतात, म्हणून १२०० ठेवा. हा आकडा स्कॅनरच्या ऑप्टिकल क्षमतेत हवा. त्यापलीकडचे मोठे आकडे सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. स्कॅन टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात साठवा.

मात्र अपेक्षा बेताच्या ठेवा. कागदावरच्या फोटोत ६०० च्या पुढे नवा तपशील सहसा मिळत नाही, कागदाचा पोत आणि ओरखडे मात्र ठळक होतात. नेगेटिव्ह सापडली तर तीच स्कॅन करा. त्या मापाचे जुने फोटो बऱ्याचदा नेगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले असत, त्यामुळे ती तेवढीच मोठी असेल. पारदर्शक फिल्मसाठी स्कॅनरच्या झाकणात दिवा लागतो, हे आधी तपासा.

६ × ९ आणि ८ × १२ यांचे प्रमाण एकच, २:३ आहे. फोटोला पांढरी किनार असेल तर आतल्या चित्राचे प्रमाण वेगळे निघू शकते, तेव्हा मोजा ते चित्र. फ्रेमची खाच चारी बाजूंनी काही मिलिमीटर झाकते, म्हणून चेहरा किंवा पाय कडेला टेकू देऊ नका. धार वाढवायची असेल तर ती छपाईचे माप ठरल्यावर, सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मेसेजिंग ॲपवर आलेला १६०० × १२०० चा फोटो ८ × १० इंचांत छापता येईल का?

छापता येईल, पण ५:४ प्रमाणात कापल्यावर १५०० × १२०० उरतात, म्हणजे जेमतेम १५० पीपीआय. पाठवणाऱ्याकडून मूळ, ॲपने लहान न केलेली फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

प्रश्न : ६ × ३ फुटांच्या बॅनरलाही ३०० लागते का? संगणक अडकून बसतो.

नाही. ३०० ने २१,६०० × १०,८०० पिक्सेल होतात, ते वाया जातात. ३४४० ला पाहणाऱ्याच्या इंचातल्या अंतराने भागा, म्हणजे डोळ्याला पुरेसे पीपीआय मिळते. १२ इंचांवरून २८७ येते, हातातल्या फोटोचा ३०० त्याच हिशेबाला जुळतो. १० फुटांवरून २९ पुरते. लोक जवळही येतात, म्हणून १०० ठेवा : ७२०० × ३६०० पिक्सेल. प्रोग्राम एवढ्या इंचांचे पान घेत नसेल तर एकदशांश मापात, ७.२ × ३.६ इंच आणि १००० पीपीआयने काम करा. पिक्सेल तेवढेच राहतात. ‘दहापट मोठे करावे’ ही सूचना फाइलच्या नावातच लिहा. अक्षरे चित्रात मिसळू नका, व्हेक्टर स्वरूपातच, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या आकारात ठेवा. कडेला रिंगा ठोकायच्या असतील तर चारी बाजूंचे दोन इंच मोकळे सोडा.