रोबोसाठी रडू आलं, त्याबद्दल

मु. पो. कडोली, ता. जि. बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या तुकडीचा बॉम्ब निकामी करणारा रोबो स्फोटात गेला, तुला रडू आलं आणि सुट्टीत पारावर हे सांगितलंस तर पोरं हसली, असं लिहिलंयस. हसू देत. त्यांच्यातल्या कुणी कंट्रोल बॉक्सपुढे बसून लांबवरची बेवारस पिशवी स्क्रीनवर बघितलेली नाही. आपल्या भागात घरटी एक फौजी आहे, बेळगावचं मराठा सेंटर, म्हणजे मराठा पलटणीचं प्रशिक्षण केंद्र, उशाला आहे, तरी या कामाची माहिती फार थोड्यांना. लाज वाटावी असं तू काही केलेलं नाहीस, आणि असं वाटणारा तू एकटाही नाहीस.

अमेरिकेत ज्युली कारपेंटर या संशोधक बाईंनी वॉशिंग्टन विद्यापीठात असताना बॉम्ब निकामी करणाऱ्या 23 सैनिकांशी सविस्तर बोलून अभ्यास केला. 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ही माणसं रोबोला नाव देत, अंगावर मार्करनं लिहीत, बायकोचं किंवा मैत्रिणीचंही नाव ठेवत. तो उडाला की कुणाला राग येई, कुणाला वाईट वाटे. इराकमध्ये ताजीच्या तळावर ‘बूमर’ नावाच्या रोबोला साथीदारांनी 21 बंदुकांची सलामी दिली, अशी हकीकत एका सैनिकानं सांगितली आणि ती छापूनही आली. आणखी एक सैनिक ‘स्कूबी-डू’ नावाच्या रोबोचे अवशेष दुरुस्तीला घेऊन आला होता. नवीन देतो म्हटलं, तर त्याला नवीन नको होता, तोच हवा होता. तुझ्यासारखेच पोटाला चिमटा घेऊन नोकरी करणारे गडी हे. मन हळवं म्हणून कुणी त्यांना फौजेतून काढलं नाही.

पण त्या अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. रोबो कसा हलतो एवढ्यावरून तो कोण चालवतोय, हे या लोकांना ओळखता यायचं. आता तुझंच पत्र पुन्हा वाच. तू लिहिलंयस, जोडीदार चालवत असला की रोबोचा हात खाली जाण्याआधी एकदा थांबायचा, आणि तू चालवत असलास की सरळ जायचा. म्हणजे त्या लोखंडात तुम्हा दोघांची सवय उतरली होती. रोज सकाळी गमछ्यानं कॅमेऱ्याची काच पुसायचास, चाकांवरच्या पट्ट्यात अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरनं काढायचास, बॅटरी भरली का ते दोनदा बघायचास. हे कष्ट कुणासाठी होते? काच धुरकट राहिली तर पिशवीतली तार दिसणार नाही, आणि तार दिसली नाही तर रोबोच्या मागून जाणारा माणूस मरणार. तो माणूस म्हणजे तू नाहीतर तुझा जोडीदार.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं रोबो नव्हताच. दोर, आकडा, जड सूट आणि एकटा चालत जाणारा माणूस. बाकीचे गाडीच्या आडोशाला बसायचे आणि तो परत येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. सूट काढताना त्याचा गंजीफ्रॉक पिळून घ्यावा इतका भिजलेला असायचा. पुण्याजवळ दिघीला डीआरडीओनं, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेनं, बनवलेला ‘दक्ष’ रोबो 2011 च्या अखेरीस लष्कराच्या हातात आला. जिना चढतो, एक्स-रे काढतो, पाण्याच्या झोतानं स्फोटक निकामी करतो आणि माणूस पाचशे मीटरवर राहतो. तो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्याचं कौतुक नंतर वाटलं. आधी डोळ्यांसमोर आले ते चालत गेलेले सोबती.

म्हणून माझं म्हणणं असं, की तू जे रडलास ते त्या यंत्रासाठी कमी आणि त्याच्या जागी कोण गेलं असतं यासाठी जास्त. त्या दिवसानंतर जोडीदाराशी धड बोलणं झालेलं नाही असं तू शेवटी एका ओळीत लिहून टाकलंयस. मला तुझ्या रडण्याची काळजी नाही, या ओळीची आहे. तोही तुझ्यासारखाच गप्प बसला असणार. रोबोला नाव दिलंत, गोंजारलंत, आणि वाचलेल्या माणसाला ‘तू वाचलास’ एवढं म्हणायचं मात्र राहून गेलं.

आता दुसरी बाजू, आणि ही कडक शब्दांत सांगतो. नंतर रडायला हरकत नाही, पण पाठवताना हात अडखळता कामा नये. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या युमा इथे एका रोबोची चाचणी चालली होती. सुरुंगावर पाय टाकून तो उडवायचा, उरलेल्या पायांवर पुढे सरकायचं, असं त्याचं काम. शेवटच्या पायावर तो फरपटत चालला तेव्हा तिथल्या कर्नलला ते बघवेना, त्यानं चाचणी थांबवली. चाचणीत थांबवलं तर कुणाचं बिघडत नाही. पण खऱ्या जागी ‘आपल्या रोबोला नको पाठवायला’ असं क्षणभर वाटलं आणि तू स्वतः चार पावलं पुढे गेलास, तर तुझ्या आईला कुणी कळवायचं? कारपेंटरबाईंशी बोललेले सैनिक म्हणाले की जीव जडला तरी निर्णयात फरक पडला नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पण ज्याचा फरक पडला तो सांगायला उरला असेलच असं नाही.

आपल्याकडे कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठातल्या बेंदराला, बैलाची शिंगं रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, सर्जा-राजा म्हणून हाक मारतात. पुढे पेरणी आली की त्याच सर्जाला औताला जुंपतात, आणि त्यात कुणाला दगाफटका वाटत नाही. बैलाला निदान दुखतं, त्याचा खांदा सोलला तर मालकानं थांबावं. रोबोला तेही नाही. तेव्हा माया कर आणि कामाला लाव.

यापुढे चार पायांचे येतील. 15 जानेवारी 2025 च्या पुण्यातल्या सेनादिनाच्या संचलनात यांत्रिक कुत्रे चालले, ते तू टीव्हीवर बघितलेच असशील. चालणं कुत्र्यासारखं असलं की मन जास्तच ओढलं जातं. काश्मीरमध्ये गोळ्या लागून 2022 मध्ये गेलेला ‘झूम’ हा फौजेचा खराखुरा कुत्रा होता, हँडलरला वासानं ओळखणारा. त्याच्यासाठी गलबलून येणं वेगळं. पायवाल्या यंत्राला तू गेलास काय आणि दुसरा आला काय, काही कळत नाही. नव्या रोबोला नाव जरूर द्या, पण आईचं, बहिणीचं, गावातल्या कुणाचं नको. ‘अमकीला आत पाठव’ हे वाक्य जड जाणार असेल तर ते नाव त्या कामाचं नाही.

घरच्यांना तुझ्या कामाबद्दल काय सांगितलंयस? परवा तुझी आई कडोलीत बाजाराला आली होती. तिला वाटतं तू बॉम्ब हातानं उचलतोस. आधी यंत्र जातं एवढं तिला सांग, बाकी तपशील नको. निदान रात्री झोप तरी लागेल तिला.

उडालेल्या रोबोच्या पट्ट्याचा तुकडा ट्रंकेत ठेवलायस म्हणतोस. तो आजच सुभेदार साहेबांकडे जमा कर. सरकारी सामान आहे, शिवाय स्फोटाच्या जागची प्रत्येक वस्तू तपासाला लागते. बारूद कुठलं, जोडणी कशी, हे कधी कधी तसल्याच तुकड्यावरून कळतं, आणि पुढच्या तुकडीचा जीव त्यानं वाचू शकतो. चौकशी संपली की रीतसर लेखी माग. दिला तर ठेव, नाही दिला तर राहू दे. जोडीदाराला फोन मात्र त्याच्याही आधी कर.

तुझा
काका