५ व्होल्टवरून १२ व्होल्ट, १ अँपिअर हवाय. बूस्ट कन्व्हर्टरसाठी (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटसाठी) पार्ट कोणते घेऊ?
आधी इनपुटचा करंट काढा. बाहेर १२ वॅट, कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ५ व्होल्टच्या बाजूने साधारण २.८ अँपिअर ओढला जातो. रिपल, म्हणजे करंटचा चढउतार, धरून कमाल ३.२ च्या आसपास. म्हणून आयसीचा स्विच आणि कॉइलचा सॅच्युरेशन करंट (ज्याच्या पुढे कॉइलचा गाभा साथ सोडतो), दोन्ही ४ अँपिअरच्या वर हवेत. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मिळणाऱ्या मॉड्यूलवरचे ‘२ अँपिअर’ बहुतेकदा आउटपुटचे नसतात, भुलू नका. स्विचिंग ४०० किलोहर्ट्झला असेल तर १० मायक्रोहेन्रीची कॉइल पुरे. डायोड शॉट्की, ४० व्होल्ट ३ अँपिअर. आउटपुटचा सिरॅमिक कपॅसिटर २५ व्होल्टचाच. १६ व्होल्टचा घेतला तर १२ व्होल्टवर तो निम्मी क्षमताही गमावू शकतो. इलेक्ट्रोलिटिक लावलाच तर १०५ अंशांचा. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, बंद डब्यातलं तर विचारूच नका.