ओसीडीसाठी (नकोसे विचार वारंवार मनात घुसण्याचा आजार) एक्स्पोजर, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जायची थेरपी, सुरू करतेयस? आधी एवढंच

कुणाला इजा करेन असा नकोसा विचार आला म्हणजे तू तशी आहेस, असं अजिबात नाही. मलाही नाशिकच्या होळकर पुलावर शेजारच्याला ढकलून देईन अशी भीती वाटायची. पण सुरुवात पुलापासून केली नाही. आधी पुलाचा फोटो, मग रविवार कारंजा चौकातली गर्दी, शेवटी पूल. आणि भीती शमवायला हात खिशात कोंबायचे नाहीत, मनात जप नाही, घरी फोन करून ‘मी काही केलं नाही ना?’ विचारायचं नाही. खरं काम हेच! छाती धडधडेल, धडधडू दे, तिथेच थांब.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- विचार हुसकावत बसतात
- एकदम अवघड पायरी घेतात

पायऱ्या थेरपिस्टसोबतच ठरव. कुठे जायचं कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलता येतं.